टाकीचं टोपण आणि माझा एक शेरा



मागच्या आठवड्यात कुणीतरी टिळकवाडीच्या रेल्वे गेटचा जुना फोटो इथं टाकला होता. गेट पडलेलं, आणि अलीकडं पंधरा-वीस स्कूटरी इंजिन बंद करून उभ्या. त्यात माझी नाही, पण असायला हरकत नव्हती. तो फोटो बघून पंचेचाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. निम्मी स्कूटरची आहे, निम्मी माझी. माझ्या बाजूची गोष्ट मी आजवर घरच्यांशिवाय एकाच माणसाला सांगितली होती. आज सगळ्यांसमोर लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी थोडा इतिहास, कारण आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. बजाज मंडळींनी १९४८ पासून व्हेस्पा बाहेरून आणून विकायला सुरुवात केली. १९५९ साली त्यांना इथं बनवायचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या सहकार्यानं पुण्याजवळ आकुर्डीत कारखाना उभा राहिला. तो करार १९७१ साली संपला. दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. इंजिन १४५ सीसी, टू-स्ट्रोक, चार गिअर, तेही हातात. मीही १९७२ सालीच बी.कॉम. होऊन बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि पहिल्या काही पगारांतून चेतकचा नंबर लावला. गाडी हातात आली १९७८ च्या जानेवारीत. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती चालायला लागली. गाडी आली त्या दिवशी आईनं तिला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आम्ही चौघं तिच्यावर बसून कपिलेश्वराला जाऊन आलो. चौघं म्हणजे मी, सौ., पुढं उभी मुलगी आणि सौ.च्या मांडीवर नारळ-फुलांची पिशवी. पिशवीही माणसाएवढीच जागा घ्यायची.

आपल्या बेळगावला यंत्राचं वेड जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान इथंच काढलं. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण यंत्र उघडून बघायची खोड गावात राहिली. पुढं उद्यमबागेत फाउंड्र्या आल्या, लेथ आले. आणि गल्लीच्या तोंडाशी, झाडाखाली, चार पत्रे टाकून बसलेले मिस्त्री आले. हे लोक कुठल्या शाळेत शिकले नव्हते. बहुतेक कुणाच्या तरी हाताखाली पाने पुसत मोठे झालेले.

माझे मिस्त्री गोवावेसजवळ बसायचे. नाव लिहीत नाही. मुलगा, नातवंडं गावातच आहेत. आम्ही सगळे त्यांना नुसतं मिस्त्रीच म्हणायचो. तेव्हा चाळिशीचे असतील. बोलणं कमी. गाडी नेली की पहिल्यांदा हात लावायचे नाहीत, विचारायचे, "काय करतीया?" आपण सांगायचं. मग म्हणायचे, "कवा करतीया? सकाळी, का तापल्यावर?" डॉक्टर विचारतो तसं.

त्यांच्याकडून मी एक शिकलो. गाडी चालू होत नसेल तर पेट्रोलच्या वाटेनं चालत जायचं. चेतकला पेट्रोलचा पंप वगैरे काही नाही. टाकी वर, सीटखाली. इंजिन खाली, उजव्या बाजूच्या फुगीर पत्र्याआड. पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं, बास. टाकीच्या तळाला कॉक. तो बंद, चालू आणि रिझर्व्ह असा फिरतो. कॉकपासून रबरी नळी कार्बोरेटरला. कार्बोरेटरच्या तोंडाशी बारीक जाळी. आत फ्लोट, म्हणजे आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा तरंगता गोळा. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर येऊन सुईनं तोंड बंद करतो. तिथून जेट, म्हणजे केसाएवढ्या भोकाचा पितळी स्क्रू. त्यातून पेट्रोल हवेत मिसळून इंजिनात जातं.

एवढीच वाट. पण तिच्यात अडायला जागा पुष्कळ. टाकीत गंज, कॉकात कचरा, नळीला पीळ, जाळीत गाळ, सुई चिकटलेली, जेटमध्ये कण. मिस्त्रींचा क्रम ठरलेला असायचा. पहिल्यांदा प्लग काढायचा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय, दोष ठिणगीत बघा, नाहीतर पेट्रोल जास्त होतंय. कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही, मागं मागं चला. मग कार्बोरेटरकडची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडायची. धार एकसारखी पडली पाहिजे. धार सुरुवातीला नीट आणि मग थेंब थेंब झाली, तर दोष कॉकात किंवा त्याच्या वर. धार नीट असेल, तर खाली जाळी आणि जेट. बाटलीच्या तळाशी पाऱ्यासारखे मणी दिसले तर ते पाणी, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड. जेटमध्ये कधी सुई-तार घालू द्यायचे नाहीत. "भोक मोठं झालं की गाडी आयुष्यभर पेट्रोल पिती," म्हणायचे. फुंकर मारायची, नाहीतर सायकलच्या पंपानं हवा. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल, तर कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचं, आपोआप बंद पडेपर्यंत. नाहीतर पेट्रोल उडून जातं आणि त्यातलं ऑइल आत चिकटून बसतं. आठवत असेल, पंपावर एका लिटरला २० मिली ऑइल मापून मिसळून घ्यावं लागायचं.

आता गाडी आडवी करण्याबद्दल. ज्यांनी चेतक चालवली त्यांनी ती रस्त्याच्या कडेला एकदा तरी आडवी केली असणारच. लोक हसायचे, पण त्यात शास्त्र होतं. टाकीच्या कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल कॉकच्या तोंडाशी यायचं, आणि कार्बोरेटरमध्येही चार थेंब जास्त उतरायचे. तेवढ्यावर पंप गाठता यायचा.

आता मूळ गोष्ट.

१९८० चा पावसाळा. मी नुकताच ऑफिसर झालो होतो. छोटी कर्जं माझ्याकडं आणि खानापूर रस्त्यावरच्या गावांत तपासणीला जाणंही माझ्याकडं. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनच्या मध्यात गाडी फटफट करून बंद पडली. मिस्त्रींनी बाटलीत धार धरली, तळाला मणी दिसले. सीटच्या फटीतून पाणी टाकीच्या टोपणावर साचून आत गेलं होतं. त्यांनी टाकी उतरवून धुतली आणि सांगितलं, "सीटवर कायतरी झाकत जावा, साहेब."

मी कॉमर्सचा माणूस, पण रविवारी घरी बसून मला इंजिनिअरिंग सुचलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापली, आणि टोपणाच्या मूळच्या वायसरखाली घट्ट बसवली. काळ्यावर काळं, दिसायलासुद्धा नको. वर फुलपाखरू नट आवळला. पाण्याचा थेंब जाणार नाही अशी व्यवस्था केली आणि सौ.ला बोलावून दाखवली.

त्या बुधवारी गाडी पिरनवाडीच्या अलीकडं बंद पडली. किक मारून पाय दुखला. आडवी केली, उपयोग नाही. पंधरा मिनिटं पावसात उभा राहिलो आणि एका किकमध्ये चालू झाली. पाच-सहा किलोमीटरवर परत तेच. घरून बँकेत जायला मात्र काही त्रास नाही. टिळकवाडी ते गाव, कधी बंद पडली नाही.

मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला. दुकानातून चक्कर मारून आणली, उत्तम. मी खानापूरकडं निघालो, बंद. दुसऱ्यांदा नळी बदलली, जाळी धुतली. दुकानात उत्तम, रस्त्यावर बंद. एकदा तर टाकी भरून निघालो, तर उद्यमबागसुद्धा ओलांडली नाही. मला वाटलं पेट्रोलमध्येच रॉकेल आहे. चार थेंब कागदावर टाकून बघितले, तर तेलकट डाग राहिला. तो कागद घेऊन पंपावर भांडायला गेलो. पंपावरचा पोरगा म्हणाला, "साहेब, त्यात आपणच ऑइल घातलंय, डाग राहणारच की." मी तोंड वळवून परत आलो.

इथं दुसरी बाजू सांगायला पाहिजे. त्याच महिन्यात मिस्त्रींचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर होता. १९७२ पासून बँकांत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ४ टक्के व्याजाची योजना होती. त्यात त्यांनी साडेतीन हजार मागितले होते. एक जुना कॉम्प्रेसर मिळत होता, त्यासाठी आणि थोड्या पान्यांसाठी. फॉर्म मराठीत नसायचा, १९५६ नंतर आपल्या गावाचं हे नेहमीचंच. मिस्त्री मराठी चौथी शिकलेले. फॉर्म घेऊन ते माझ्याकडंच आले. "तुम्ही आपले हायसा, तुम्हीच भरा," म्हणाले. मी भरला. सही त्यांनी मराठीत केली, एकेक अक्षर सुटं.

मग तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तो सोमवार. मी मच्छेजवळून भिजत, गाडी थांबत थांबत परत आणली, आणि थेट त्यांच्या टपरीवर गेलो. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "येत नसेल तर नाही म्हणून सांगा. लोकांचे पैसे कशाला घेता?" ते काही बोलले नाहीत. हातातला पाना पुसला. तिसऱ्या वेळचे पैसे त्यांनी घेतलेच नव्हते, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो.

त्याच दुपारी, कपडे ओलेच, मी त्यांची फाईल उघडली. तपासणी अहवालात एक रकाना असतो, अर्जदाराच्या व्यवसायातल्या कौशल्याबद्दल. तिथं मी समाधानकारक नसल्याचा शेरा लिहिला. खाली सही, तारीख. शिपायाबरोबर फाईल मॅनेजरसाहेबांकडं पाठवून दिली.

गुरुवारी सकाळी मी बँकेत निघालो, तर मिस्त्री घराच्या फाटकाशी उभे. खांद्यावर पोतं, हातात पिशवी, पिशवीत पाने. म्हणाले, "साहेब, गाडी जिथं बंद पडतीया तिथंच बघाय पायजे. दुकानात ती शहाणी असती. चला, खानापूर रोडला जाऊया."

मी अवघडलो, पण निघालो. ते मागं बसले. वाटेत एकच प्रश्न विचारला, "टाकी भरलेली असली की लवकर बंद पडती, का उशिरा?" मी आठवून सांगितलं, "भरली की लवकर. निम्मी असली की जरा लांब जाते." ते "हं" म्हणाले, पुढं काही नाही.

पिरनवाडी ओलांडली आणि मच्छ्याच्या अलीकडं गाडीनं मान टाकली. मी किकवर पाय ठेवला. "थांबा. किक मारू नकासा." त्यांनी प्लग काढला. कोरडा. परत बसवला. मग खाली न बघता सीट उचलली आणि टोपणाचा नट सैल केला. फुस्स करून हवा आत गेली, मलाही ऐकू आली. टोपण तसंच सैल ठेवून म्हणाले, "आता मारा." पहिल्या किकला चालू.

तिथंच रस्त्याच्या कडेला त्यांनी मला समजावून सांगितलं. टाकीच्या टोपणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा त्यातून आत यायला पाहिजे. हवा आली नाही तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल वरच अडून राहतं. भरलेल्या टाकीत हवा मुळातच थोडी असते, म्हणून लवकर अडतं. निम्म्या टाकीत हवा जास्त, म्हणून चार किलोमीटर पुढं जाऊन अडतं. उभी ठेवली की कुठून तरी हवा मुरते आणि गाडी परत चालू होते. बँकेपर्यंतचं अंतर कमी, म्हणून तिथं कधी कळलं नाही. आणि दुकानात प्रत्येक वेळी तपासायला ते टोपण उघडायचे, की रोग निघून जायचा.

मग त्यांनी नखानं वायसर उचलला. खालून माझी चकती निघाली. भोकावर नेमकी, पेट्रोलनं फुगलेली. "हे कुणी घातलं?"

"मीच," म्हणालो.

त्यांनी ब्लेडनं तिचा मधला भाग कापला, रिंग केली, आणि परत बसवली. पाणीही आत जाणार नाही आणि भोकही मोकळं. कापलेला गोल तुकडा माझ्या हातावर ठेवला. हसले नाहीत, बोलले नाहीत. परत येताना मी बोलायचा प्रयत्न केला, पण वाऱ्यात ऐकू गेलं नाही असं दोघांनीही दाखवलं.

शुक्रवारी मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो आणि शेरा बदलून मागितला. ते माणूस चांगले, पण नियमाचे. म्हणाले, "सोमवारी कौशल्य नव्हतं, शुक्रवारी आलं? एका फाईलवर एका हाताचे दोन शेरे मी वर कसे पाठवू? पुढं नवीन अर्ज घ्या." खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, असं आज वाटतं. पण खरं कारण सांगायचं म्हणजे मी रागाच्या भरात खोटा अहवाल लिहिला हे कबूल करायचं. नोकरीत ऑफिसर होऊन वर्ष झालं नव्हतं. मी गप्प बसलो.

नवीन अर्ज मी स्वतः भरला, स्वतः तपासला, आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये कर्ज मंजूर झालं. पण कॉम्प्रेसर तोवर थांबणार नव्हता. मिस्त्रींनी जुलैतच बाहेरून साडेतीन हजार उचलले होते, शेकडा ३ रुपये महिन्यानं. हिशेब आमच्या हाडात असतो. बँकेचं ४ टक्क्यांनी नऊ महिन्यांचं व्याज झालं असतं १०५ रुपये. त्यांनी १०५ रुपये दर महिन्याला भरले. नऊ महिन्यांचे ९४५. फरक ८४० रुपये. तेव्हाच्या मिस्त्रीला ८४० रुपये किती होतात, हे ज्याला कळतं त्याला कळेल.

चेतक माझ्याकडं १९९६ पर्यंत होती. त्यानंतरही पेट्रोलची काही तक्रार आली की मी पहिल्यांदा टोपण उघडायचो. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की आम्ही पहिलं व्हाउचर काढून बसतो, तसंच. बहुतेक वेळा दोष तिथं नसायचा, पण सवय लागली ती लागली.

२०१० साली मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी, गणपतीच्या आधी, मिस्त्रींच्या घरी गेलो. गॅरेज मुलगा बघत होता, ते ओसरीवर बसलेले. चहा झाला. मग मी सगळं सांगितलं. शेरा, तारीख, मॅनेजर, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला ठावं होतं की. शिपाई आमच्याच गल्लीतला. त्यानं सोमवारी सांजच्यालाच सांगितलं."

मला पाच मिनिटं काही सुचेना. म्हणजे गुरुवारी सकाळी, पोतं घेऊन माझ्या फाटकाशी उभे होते, तेव्हा त्यांना माहीत होतं.

"मग आलात कशाला?" मी विचारलं.

"गाडी बंद पडत होती की ओ," म्हणाले. आणि सुनेला आणखी चहा टाकायला सांगितला.

त्यानंतर चार वर्षांनी ते गेले. गेल्या महिन्यात मुलाला विचारलं, हे लिहू का? म्हणाला, "लिहा काका, फक्त नाव नको." काका म्हणतो मला.

आता त्याच्या गॅरेजात कार्बोरेटर फारसे येत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, आणि बहुतेक दुचाकींत इंजेक्टर आला, टाकीतच पंप आला. पेट्रोल आता आपल्या वजनानं उतरत नाही, ढकललं जातं. दोष शोधायला तो वायर लावून छोट्या यंत्रात आकडे बघतो. चेतक नावाची गाडीसुद्धा परत आली आहे, पण विजेवर. तिला टाकीच नाही. तरी कुणी जुनी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "थोडं अंतर गेलं की बंद पडते, थांबलं की चालू होते," तर तो आधी काय उघडतो हे मी स्वतः बघितलं आहे.

कुणाच्या माळ्यावर अजून जुनी चेतक, व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा पडली असेल, तर फोटो टाका. आणि तुमच्या गल्लीतल्या मिस्त्रींबद्दल लिहा. त्यांच्याबद्दल कुठल्या पुस्तकात काही सापडणार नाही. आपण लिहिलं तरच राहील.